भावंडांचं नातं वयाबरोबर बदलतं, पण तो बदल मोजायचा कसा?



कुटुंब या विषयावर पीएचडी करायचं ठरवलेले बरेच जण भेटतात. पेटची परीक्षा झालेली असते, सिनॉप्सिसची तारीख जवळ आलेली असते आणि विषय मात्र ठरलेला नसतो. सुचणारे विषय साधारण दोनच: नवरा-बायको, नाहीतर आईवडील आणि मुलं. भावंडांचं नाव क्वचित निघतं. निघालंच, तर "त्यात काय शोधायचं? लहानपणी मारामाऱ्या, मोठेपणी आपापले संसार," असं म्हणून ते बाजूला पडतं.

जरा हिशोब करून बघा. आईवडील आपल्या उतारवयात बहुधा नसतात. जोडीदार विशी-तिशीत येतो, मुलं त्यानंतर. भावंड मात्र पाळण्यापासून काठीपर्यंत सोबत असू शकतं. इतक्या लांब पल्ल्याचं दुसरं नातं आपल्याकडे नाही. आणि जे नातं साठ-सत्तर वर्षं चालतं, ते एवढा काळ एकाच रूपात राहणार नाही हे उघड आहे.

या लेखात दोन गोष्टी सांगणार आहे. पहिली, भावंडांचं नातं वयाबरोबर कसं बदलतं याबद्दल गेल्या चाळीसेक वर्षांतल्या संशोधनातून काय हाती लागलं. दुसरी, हे सगळं ज्या पट्टीने मोजलं गेलं ती पट्टी आपल्याकडच्या घरांत जशीच्या तशी लावली तर काय निसटतं. तयार प्रश्नावली झेरॉक्स करून फील्डवर जायच्या बेतात असाल, तर दुसरा भाग जरा सावकाश वाचा.

आधी शब्द तपासा

मराठीत 'भावंड' हा फार सोयीचा शब्द आहे. तो नपुंसकलिंगी आहे. त्यातून भाऊ की बहीण, थोरलं की धाकटं, काहीच कळत नाही. हिंदीत रोजच्या बोलण्यात 'भाई-बहन' अशी जोडी करावी लागते, आपलं काम एका शब्दात भागतं. इंग्रजीतला 'सिबलिंग' आणि आपलं 'भावंड' एकच, असं म्हणून आपण भाषांतर करून मोकळे होतो.

पण एखाद्या घरात जाऊन विचारा, "तुम्ही भावंडं किती?" कुणी सांगेल "तीन". कुणी सांगेल "आम्ही अकरा भावंडं, एकाच वाड्यात वाढलो." दुसऱ्याने चुलत भावंडंही धरली आहेत. तुम्हाला फक्त सख्खी हवी असतील तर 'सख्खी' हा शब्द प्रश्नात घालावाच लागतो. आणि तो घातला की काही जणांना प्रश्नच टोचतो, कारण त्यांच्या घरात सख्खं-चुलत असा भेद बोलून दाखवणं वाईट समजतात.

व्हिक्टर सिसिरेली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली वेगवेगळ्या संस्कृतींतल्या भावंडांच्या नात्यांची तुलना करणारा लेख लिहिला. त्यात त्याने हाच मुद्दा मांडला: भावंड कोणाला म्हणायचं हेच प्रत्येक समाजात वेगळं ठरतं. कुठे एकाच आईवडिलांची मुलं एवढीच भावंडं, कुठे ही वर्तुळं बरीच मोठी. त्याचा दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येते.

लहानपण: प्रेम आणि भांडण एकाच पट्टीवर नसतात

१९८२ साली जूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांचं 'सिब्लिंग्ज: लव्ह, एन्व्ही अँड अंडरस्टँडिंग' हे पुस्तक आलं. इंग्लंडमधल्या केंब्रिज भागातली ४० कुटुंबं त्यांनी निवडली होती. प्रत्येक घरात एक लहान मूल आणि आई दुसऱ्यांदा गरोदर. दुसरं बाळ जन्मायच्या आधीपासून ते बाळ १४ महिन्यांचं होईपर्यंत त्या घरी जाऊन निरीक्षण करत राहिल्या. प्रयोगशाळेत बोलावून खेळणी समोर ठेवायची, असा प्रकार नव्हता. स्वयंपाकघरात, बाळाला अंघोळ घालताना, दूध पाजताना जे घडेल ते टिपायचं.

त्यांना दिसलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही आया पहिल्या मुलाशी बाळाबद्दल बोलताना बाळ म्हणजे एक माणूस आहे असं धरून बोलत: त्याला भूक लागली असेल का, ते का रडत असेल, त्याला काय हवं असेल. अशा घरांत थोरलं मूल नंतर बाळाशी जास्त मायेने वागताना दिसलं.

दुसरी गोष्ट अशी की, जी मुलं धाकट्याचे मुके घेत होती तीच त्याला चिमटेही काढत होती. 'प्रेमळ मूल' आणि 'हेवा करणारं मूल' असे दोन गट सरळ पडत नव्हते.

याच मुद्द्याला पुढे आकड्यांचा आधार मिळाला. विन्डॉल फर्मन आणि डुएन बुअरमेस्टर यांनी १९८५ मध्ये पाचवी-सहावीच्या अमेरिकन मुलांसाठी एक प्रश्नावली तयार केली. मुलांच्या उत्तरांचं घटक विश्लेषण केल्यावर, म्हणजे कोणते प्रश्न एकमेकांसोबत हलतात ते पाहिल्यावर, चार घटक निघाले. आपल्या भाषेत सांगायचं तर: जिव्हाळा, भांडण, आईवडिलांच्या डाव्या-उजव्यावरून होणारी चढाओढ, आणि चौथा म्हणजे कोण वर, कोण खाली. या चौथ्यात दोन्ही येतं: कोण कोणाला सांभाळतं आणि कोण कोणावर हुकूम चालवतं. 'दादा' आणि 'दादागिरी' हे शब्द एकाच घरातले आहेत, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

संशोधक म्हणून इथे काय शिकायचं? जिव्हाळा वाढला म्हणजे भांडण कमी झालं, असं गृहीत धरता येत नाही. या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. एखाद्या जोडीत दोन्ही भरपूर असतात, एखाद्या जोडीत दोन्ही नसतात. शेवटची जोडी, म्हणजे ज्यांचं भांडणही नाही आणि बोलणंही नाही, ती 'चांगले संबंध' या रकान्यात सहज घुसते. तिच्यावर नजर ठेवा.

किशोरवय: बरोबरी येते, पण कोणाला विचारलं त्यावर आहे

बुअरमेस्टर आणि फर्मन यांनी १९९० मध्ये हीच प्रश्नावली तिसरी, सहावी, नववी आणि बारावीच्या ३६३ मुलांना दिली. वरच्या इयत्तांत नातं जास्त बरोबरीचं झालेलं दिसलं, आणि त्याची तीव्रताही कमी झालेली दिसली. हे अपेक्षितच होतं. पाच वर्षांचा आणि आठ वर्षांची यांच्यात जेवढं अंतर असतं तेवढं पंधरा आणि अठरामध्ये राहत नाही.

गंमत पुढे आहे. थोरल्या भावंडाशी होणाऱ्या भांडणांबद्दल विचारलं तर वरच्या वर्गांतली मुलं कमी भांडणं सांगत होती. धाकट्या भावंडाबद्दल विचारलं तर मात्र सगळ्याच वर्गांत भांडणाचा आकडा बऱ्यापैकी वर होता. म्हणजे "भांडणं वयाबरोबर कमी होतात का?" या प्रश्नाचं उत्तर तुम्ही वर बघणाऱ्याला विचारता की खाली बघणाऱ्याला, यावर बदलतं. नातं एक, साक्षीदार दोन.

या अभ्यासाची आणखी एक मर्यादा तुम्ही एव्हाना ओळखली असेल. तिसरीतली मुलं वेगळी, बारावीतली वेगळी. एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारणं याला क्रॉस-सेक्शनल अभ्यास म्हणतात. त्यात आपल्याला वयांमधला फरक दिसतो. त्याला 'बदल' म्हणायचं तर तीच माणसं पुन्हा पुन्हा गाठावी लागतात, म्हणजे लॉन्जिट्युडिनल अभ्यास करावा लागतो.

तसा अभ्यास पेनसिल्व्हेनियात सुझन मॅकहेल, अॅन क्राउटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कुटुंबातलं पहिलं आणि दुसरं मूल, दोघांनाही वर्षानुवर्षं भेटत राहिले. २००६ च्या त्यांच्या लेखात दिसतं की किशोरवयाच्या सुरुवातीनंतर भांडण उतरत जातं. जवळीक मात्र सगळ्यांची सारख्या रीतीने बदलत नाही. बहिणी-बहिणी किंवा भाऊ-भाऊ असतील तर ती फारशी हलत नाही. भाऊ-बहीण असतील तर मधल्या वयात खाली जाते आणि किशोरवय पुढे सरकतं तशी परत वर येते. नुसती सरासरी काढली असती तर हा खड्डा दिसलाच नसता. पण हेही लक्षात ठेवा की ही सगळी आईवडील दोघेही घरात असलेली गोरी अमेरिकन कुटुंबं होती.

आता आपल्याकडे वळताना एक मोठा धोका सांगते. समजा, तुम्ही वीस वर्षांच्या आणि पन्नास वर्षांच्या लोकांना एकाच महिन्यात भावंडांबद्दल विचारलंत आणि उत्तरांत फरक सापडला. तो वयाचा फरक की पिढीचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. पन्नाशीतली व्यक्ती चार-पाच भावंडांत वाढलेली असू शकते, विशीतल्या मुलीला बहुधा एकच भाऊ किंवा बहीण असते. चौघांत एकाशी अबोला धरता येतो, उरलेले दोघे निरोप्याचं काम करतात. दोघांतच अबोला झाला तर मध्ये कुणी उरत नाही. हा फरक वयाने आलेला नाही. वय आणि पिढी वेगळी काढायची सोय तुमच्या आराखड्यात आहे का, हा प्रश्न गाइडने विचारायच्या आधी तुम्ही स्वतःला विचारा.

विशी ते सत्तरी: दूर जाणं, स्थिरावणं, परत येणं

मोठेपणाबद्दल सर्वांत मोठं चित्र लिन व्हाइट यांच्या २००१ च्या अभ्यासातून मिळतं. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांचा डेटा त्यांनी वापरला. वय १६ पासून ८५ पर्यंत. तरुणपणी सगळंच उतरतं: भावंडं लांब राहायला जातात, भेटी कमी होतात, मदतीची देवाणघेवाण कमी होते. शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं. मध्यम वयात भेटीगाठी एका पातळीवर स्थिरावतात आणि त्यानंतर आणखी घसरत नाहीत. सत्तरीच्या आसपास, भावंडं जवळ राहत असतील तर, मदत पुन्हा थोडी वाढते.

म्हणजे "मोठेपणी भावंडं तुटतात" हे अर्धच खरं. तुटल्यासारखी वाटतात ती विशी-तिशीत.

या काळाचं मोजमाप करण्यासाठी क्लेअर स्टॉकर, रिचर्ड लँथियर आणि फर्मन यांनी १९९७ मध्ये प्रौढांसाठी वेगळी प्रश्नावली केली. तिच्यात ८१ प्रश्न आहेत. इथे घटक विश्लेषणातून तीनच घटक निघाले: जिव्हाळा, भांडण आणि चढाओढ. लहानपणचा चौथा घटक, कोण वर आणि कोण खाली, वेगळा म्हणून उरला नाही. वर्चस्वाचे प्रश्न भांडणाच्या घटकात जाऊन बसले. या निष्कर्षाचा अर्थ सरळ आहे: त्या समाजात मोठेपणी भावंडं बरोबरीची होतात, आणि कुणी हुकूम चालवायला गेलं तर ते भांडण समजलं जातं.

लहानपण मात्र पूर्ण मागे पडत नाही. जिल सुटर, कार्ल पिलेमर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये २७४ कुटुंबांतल्या ७०८ प्रौढ मुलांच्या माहितीवरून एक लेख लिहिला. प्रश्न होता आईच्या लाडक्या-दोडक्याचा. आई डावं-उजवं करते असं वाटत असेल तर भावंडांतली जवळीक कमी असते, मग लाडकं कोणीही असो. अगदी स्वतः लाडकं असलं तरी. आणि भावंडांमधला ताण समजून घ्यायला आई आज कोणाला झुकतं माप देते यापेक्षा लहानपणी देत होती ही आठवण जास्त उपयोगी पडली.

'आठवण' हा शब्द इथे नीट वाचा. आईने खरंच काय केलं ते कुणी मोजलेलं नाही. चाळीस वर्षांनी मुलांना काय आठवतं ते मोजलं आहे. आजचं भांडण कालच्या आठवणीला रंग देत असेल, हीही शक्यता आहे. पश्चलक्षी प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला ही शंका लागू पडते.

आता आपल्या घरात या

सिसिरेलीचा जो दुसरा मुद्दा राखून ठेवला होता तो असा: औद्योगिक पाश्चात्त्य समाजात मोठेपणी भावंडांचं नातं ऐच्छिक असतं. वाटलं तर ठेवा, नाही वाटलं तर कुणी विचारणार नाही. इतर अनेक समाजांत ते बंधनाचं असतं. लग्न, जमीन, विधी, म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी या सगळ्यात भावंडांना ठरलेल्या जागा असतात.

आपल्याकडे बघा. भाचीच्या लग्नात मामाची जागा ठरलेली. बहिणीच्या लग्नात कानपिळी करायला भाऊ हवा. भाऊबीजेला कोण कोणाकडे जाणार हे ठरलेलं, आणि एखाद्या वर्षी गेलं नाही तर का गेलं नाही याची चर्चा अख्ख्या गोतावळ्यात. साठीतला माणूसही पासष्टीच्या बहिणीला 'ताई'च म्हणतो. रोजच्या हाकेतच कोण थोरलं ते लिहिलेलं आहे. मग वरचा 'मोठेपणी वर-खाली नाहीसं होतं' हा निष्कर्ष इथे लागू होईल का? कदाचित होईल, कदाचित नाही. पण ज्या प्रश्नावलीत तो घटक वेगळा मोजलाच जात नाही, ती वापरून हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणखी एक उदाहरण. थॉमस वाइझनर आणि रोनाल्ड गॅलिमोर यांनी १९७७ मध्ये दाखवलं होतं की जगातल्या अनेक समाजांत लहान मुलांना सांभाळण्याचं काम मोठी भावंडं करतात. ऊसतोडीच्या हंगामात कोपीवर धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी तुम्ही पाहिली असेल किंवा तिच्याबद्दल वाचलं असेल. आई पहाटे फडात गेलेली, शाळा गावाकडे राहिलेली. ती तिशीची झाल्यावर तिच्या आणि त्या धाकट्याच्या नात्यात या वर्षांचं काय होतं? तो ते ऋण मानतो का? ती ते बोलून दाखवते का? 'जिव्हाळा: एक ते पाच' या पट्टीवर हे मावत नाही.

हक्कसोडपत्र आणि पाचपैकी पाच गुण

आता सर्वांत अवघड जागा. जमीन.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा दिला. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींनाही तो दिला, मात्र दुरुस्ती लागू होण्याआधी ज्यांचं लग्न झालं होतं त्यांना वगळून. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीचं लग्न १९९३ चं आणि दुसरीचं १९९६ चं, तर कायद्याने पहिलीला नाही, दुसरीला आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं.

कागदावर हक्क आला. गावात त्याच्या पाठोपाठ आणखी एक कागद येतो: हक्कसोडपत्र. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणींची नावं लागतात, आणि मग भावाच्या नावे हक्क सोडल्याची सही होते. साडी-चोळी होते, जेवण होतं, फेरफार होतो.

बहीण सही का करते? बीना अगरवाल यांनी १९९४ च्या 'अ फील्ड ऑफ वन्स ओन' या पुस्तकात दक्षिण आशियातल्या स्त्रिया आणि जमिनीबद्दल लिहिताना हे उलगडलं आहे. भावाचं घर म्हणजे संकटात परत जायची जागा. ती जागा राखण्यासाठी वाटा सोडला जातो. श्रीमती बसू यांनी दिल्लीतल्या स्त्रियांच्या अभ्यासावर १९९९ मध्ये पुस्तक लिहिलं, 'शी कम्स टू टेक हर राइट्स'. बहीण आली की 'हक्क घ्यायला आली' असं म्हटलं जाईल, ही भीती त्या नावातच आहे.

आता एक कल्पित घर घेऊ. सांगली जिल्ह्यातलं एक गाव, आईवडील दोघेही गेलेले, चार एकर बागायत, एक भाऊ, दोन बहिणी. थोरलीने हक्कसोड केली. धाकटीने वाटा मागितला. तुम्ही वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी प्रश्नावली घेऊन गेलात. थोरली: जिव्हाळा पाचपैकी पाच, भांडण शून्य. धाकटी: जिव्हाळा एक, भांडण पाच. अशी दोनशे घरं तपासलीत आणि प्रबंधात वाक्य लिहिलंत: "संपत्तीची मागणी भावंडांच्या नात्यास मारक ठरते."

आकडे बरोबर आहेत. वाक्य चुकीचं असू शकतं. कसं, ते बघा.

धाकटीचं आणि भावाचं आधीपासूनच पटत नसेल. माहेर परत जायची जागा राहिलंच नव्हतं, म्हणून वाटा मागताना तिला गमवायला काही नव्हतं. मग मागणीमुळे नातं बिघडलं नाही, नातं बिघडलेलं होतं म्हणून मागणी झाली. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे एका भेटीत कळत नाही.

थोरलीच्या पाच गुणांत काय आहे? खरा जिव्हाळा असेल. किंवा ते पाच गुण म्हणजे चार एकरांतला तिसरा हिस्सा देऊन टिकवलेलं माहेर असेल. किंवा दोन्ही असेल, आणि तिला स्वतःलाही ते वेगळं करून सांगता येणार नाही. "तुम्ही वाटा मागितला असता तर भाऊबीजेला बोलावलं असतं का?" या एका प्रश्नाने तिची दहा मिनिटं शांतता तुम्हाला मिळेल, आणि ती शांतता हाही डेटा आहे.

आणि भाऊ? त्याला विचारलंत का? त्याच्या दृष्टीने वडिलांचं आजारपण त्याने काढलं, कर्ज त्याने फेडलं. त्याच्या हिशोबात बहिणींच्या लग्नाचा खर्च हाच त्यांचा वाटा. बरोबर की चूक, हा निवाडा आपण करायचा नाही. पण हा हिशोब नोंदवल्याशिवाय त्या घराचं नातं तुम्ही मोजलं असं म्हणता येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. लहानपणी भावंडांना घर एकत्र ठेवतं. अमेरिकन अभ्यास सांगतात की मोठेपणी मन एकत्र ठेवतं, किंवा ठेवत नाही. आपल्याकडे मोठेपणी मनाबरोबर सातबाराही असतो, आणि मनाची किंमत कधी कधी सातबाऱ्यावर लिहिलेली असते. नातं कसं बदललं हे विचारताना ते टिकवण्यासाठी कोणी काय मोजलं हे विचारलं नाही, तर सोसणाऱ्याचे गुण आपण प्रेमाच्या रकान्यात टाकतो.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

या विषयावर काम करायचं मनात असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी.

एक, जोडीतल्या दोघांनाही विचारा. एकाच बाजूने मिळालेलं नातं अर्धं असतं. मात्र एका घरातली तीन भावंडं म्हणजे तीन स्वतंत्र नमुने धरू नका. त्यांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात. सुटर-पिलेमर यांनी ७०८ व्यक्ती सांगताना २७४ कुटुंबंही सांगितली, ती यासाठीच. अशा डेटाला मल्टिलेव्हल मॉडेल लागतं. संख्याशास्त्राच्या माणसाशी डेटा गोळा करण्याआधी बोला, नंतर नाही.

दोन, पाच वर्षं तीच माणसं गाठणं पीएचडीत कठीण आहे, पण घटनेच्या आधी आणि नंतर भेटणं जमू शकतं. लग्न, वारस नोंद, आईवडिलांपैकी एकाचं आजारपण. छोटा नमुना, पण दोन भेटी. कारण-परिणामाचा गुंता थोडा तरी सुटतो.

तीन, तयार प्रश्नावली टाकून देऊ नका. तुलनेसाठी ती लागते. पण आधी दहा-बारा मुलाखती घ्या, लोक स्वतः कोणते शब्द वापरतात ते ऐका: माहेरपण, मान, वाटणी, देणंघेणं, डावं-उजवं. मग त्यातून प्रश्न वाढवा आणि घटक विश्लेषण नव्याने करा. अमेरिकेत तीन घटक निघाले म्हणून इथेही तीनच निघतील असं नाही.

चार, तुलनेसाठी जागा हुशारीने निवडा. सावंतवाडी आणि पेडणे हे शेजारी तालुके. बोली जवळची, देव जवळचे, सोयरिकी इकडून तिकडे. पण गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा आहे. तिथे मुलगा-मुलगी समान वारस आहेत आणि आईवडिलांना अर्धी मालमत्ता मुलांना डावलून देता येत नाही. संस्कृती बरीचशी सारखी, कायदा वेगळा. भाऊ-बहिणीच्या नात्यावर याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न एका प्रबंधाला पुरेल.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. एका भावंडाने सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर तुमच्याकडून जाता कामा नये. चुकून विचारलेला एखादा नेमका प्रश्न पुरतो: "ताई म्हणत होत्या की..." तेवढ्याने एखादीचं माहेर बंद होऊ शकतं. मुलाखत सासरच्या ओसरीवर चार माणसांत घेऊ नका. एकाच घरातल्या मुलाखतींचे उतारे प्रबंधात शेजारी छापू नका, नावं बदलली तरी घरातला माणूस ओळखतोच. तुमचा प्रबंध तीन वर्षांत संपेल. त्या घरातली भावंडं पुढची तीस वर्षं एकमेकांना भाऊ-बहीण म्हणून भेटणार आहेत.

एक छोटा अभ्यास देते. तुमच्या ओळखीच्या एखाद्या साठीच्या पुढच्या व्यक्तीशी बोला आणि एकच गोष्ट विचारा: भावंडांपैकी कोणाशी, कोणत्या वर्षांत बोलणं कमी झालं आणि ते परत कशामुळे सुरू झालं. एका कागदावर आडवी रेघ ओढून त्या व्यक्तीच्या हातानेच ती वर्षं तिच्यावर मांडू द्या. मग वर सांगितलेली चार-तीन घटकांची पट्टी शेजारी ठेवा आणि रेघेवरची कोणती खूण त्या पट्टीत बसत नाही ते पाहा. तुमचा संशोधन प्रश्न बहुधा त्याच खुणेपाशी असेल.